बर्लिनचे पंचांग कोणी केले?

कोपर्निकस, केप्लर, गॅलिलिओ ही नावे आता आपल्याला नवी राहिलेली नाहीत. शाळेतल्या मुलांनाही ती ठाऊक असतात. परंतु आकाशाचा अभ्यास काही या तीन-चार महापुरुषांनीच केलेला नाही. रात्रीमागून रात्री जागून ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी, कोष्टके मांडून आकडेमोड करणारी आणि त्या आकडेमोडीतून सामान्य माणसाच्या हाती पंचांग देणारी माणसे निराळीच होती. त्यांच्यापैकी एका बाईंची हकीकत आज आम्ही मांडणार आहोत. माहेरच्या त्या मारिया मार्गारेटा विंकेलमान. लग्नानंतर मारिया किर्ख झाल्या. जन्म १६७०, मृत्यू १७२०. उणेपुरे पन्नास वर्षांचे आयुष्य, आणि त्यातला बहुतेक काळ दुर्बिणीपाशी नाही तर आकडेमोडीच्या कागदांपाशी गेलेला.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने खगोलशास्त्रावर का बोलावे, असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही शाळा लवकर सोडली. पुढे जे काही शिकलो ते रात्रीच्या वर्गात आणि वाचनालयाच्या बाकावर. ग्रहगणिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण या हकीकतीत जो प्रश्न आहे तो आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. काम एकाने करायचे आणि हजेरीपुस्तकात नाव दुसऱ्याचे लागायचे, असे झाले म्हणजे दाद कोणाकडे मागायची? हा प्रश्न गिरणीतच उद्भवतो असे नव्हे. तो विद्येच्या दरबारातही उद्भवतो, हे मारियाबाईंच्या चरित्रावरून दिसते.

जर्मनीतल्या लाइपझिग शहराजवळ पानिट्श नावाचे खेडे आहे. तेथे २५ फेब्रुवारी १६७० रोजी मारियाचा जन्म झाला. वडील लूथरपंथी पाद्री होते. मुलीलाही मुलाच्या बरोबरीचे शिक्षण द्यावे, अशा मताचा हा गृहस्थ. त्यांनी तिला घरीच शिकविले. ती तेरा वर्षांची असताना वडिलांचे छत्र गेले. पण शिक्षणाची गोडी लागली होती ती गेली नाही. तिची ओढ होती आकाशाकडे. आणि सुदैवाने गुरूही जवळच भेटला.

शेजारच्या सोमरफेल्ड गावी क्रिस्टोफ आर्नोल्ड नावाचा एक शेतकरी राहत असे. दिवसा शेत आणि रात्री आकाश, असा त्याचा क्रम. तो स्वत:च्या मेहनतीने हे शास्त्र शिकला होता. १६८३ आणि १६८६ सालच्या धूमकेतूंचे वेध त्याने घेतले. १६९० साली बुधाचे अधिक्रमण झाले, म्हणजे बुधाचा काळा ठिपका सूर्याच्या बिंबावरून सरकत गेला. तेही त्याने पाहून लिहून ठेवले. या कामाबद्दल लाइपझिगच्या नगरसभेने त्याला रोख बक्षीस दिले आणि त्याचा कर माफ केला. चंद्रावरच्या एका विवराला आज या शेतकऱ्याचे नाव आहे. अशा माणसाच्या घरी राहून मारिया वेध घ्यायला आणि गणित मांडायला शिकली. सुताराच्या हाताखाली पोऱ्या जसा शिकतो तशी ती शिकली, असे म्हटले तर चुकणार नाही.

ही उपमा आम्ही उगाच दिलेली नाही. त्या काळच्या जर्मनीत खगोलशास्त्र हा बव्हंशी घरचा धंदा होता. विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. पण वेध घेण्याचे काम विद्यापीठात होतच नसे. ते घराच्या माळ्यावर, गच्चीवर होत असे. कारागिरांच्या तेथे श्रेणी असत, म्हणजे एकेका धंद्याच्या पंचायती. त्या श्रेणींच्या रिवाजाप्रमाणे कारागिराच्या कामात बायको आणि मुली यांचा हात असायचाच. कारागीर वारला तर त्याची विधवा तो कारखाना पुढे चालवू शके. तोच रिवाज आकाशाच्या कामातही उतरला होता. सायलेशियातल्या मारिया कुनिट्झ या विदुषीने केप्लरची अवघड कोष्टके सोपी करून १६५० साली ग्रंथ छापला. डांझिगचा प्रसिद्ध ज्योतिर्विद हेवेलिअस याची पत्नी एलिझाबेथा त्याच्याबरोबर वेधयंत्रावर उभी राहत असे, आणि पतीच्या मागे त्याचे ताऱ्यांचे कोष्टक तिनेच १६९० साली प्रसिद्ध केले. तेव्हा मारिया ही काही एकटीच अपवाद नव्हती. घरच्या धंद्याने तिला जागा दिली होती.

आर्नोल्डच्या घरीच तिची गोटफ्रीड किर्ख यांच्याशी ओळख झाली. किर्ख हे नावाजलेले ज्योतिर्विद. १६८० सालचा मोठा धूमकेतू त्यांनीच प्रथम पाहिला, आणि तोही दुर्बिणीतून. दुर्बिणीने शोधून काढलेला जगातला हा पहिला धूमकेतू. न्यूटनने आपल्या ग्रंथात धूमकेतूच्या मार्गाचे गणित मांडले ते याच धूमकेतूचा आधार घेऊन. किर्ख विधुर होते आणि मारियापेक्षा सुमारे तीस वर्षांनी मोठे. १६९२ साली दोघांचा विवाह झाला. वयाचे अंतर पाहून आज आपण नाक मुरडू. परंतु मारियाबाईंना आकाशाचे काम करीत राहायचे होते, आणि एखाद्या शेतकऱ्याची किंवा पाद्र्याची बायको होऊन ते साधले नसते.

आता पंचांगाकडे वळू, कारण पुढची सारी भानगड पंचांगाचीच आहे.

१५८२ साली पोप ग्रेगरीने युरोपच्या कालगणनेत सुधारणा केली. दहा दिवस गाळून तारीख सूर्याशी जुळवून घेतली. कॅथलिक राज्यांनी ती मानली. प्रॉटेस्टंट राज्यांनी मानली नाही. त्यामुळे जर्मनीत एका गावची तारीख आणि शेजारच्या गावची तारीख यांत दहा दिवसांचा फरक, असा प्रकार शंभरावर वर्षे चालला. अखेरीस १७०० साली जर्मन प्रॉटेस्टंट राज्यांनी फेब्रुवारीच्या १८ तारखेनंतर एकदम १ मार्च आणला आणि हिशोब मिटविला. तथापि पोपचा नियम जसाच्या तसा घेणे त्यांच्या मानी स्वभावाला रुचेना. ईस्टरचा सण पौर्णिमेवर अवलंबून असतो. ती पौर्णिमा आम्ही पोपच्या कोष्टकावरून नव्हे, तर केप्लरच्या ग्रहकोष्टकांवरून प्रत्यक्ष गणित करून ठरवू, असे त्यांनी जाहीर केले. सणवार चंद्रावर ठरत असले म्हणजे पंचांगकर्त्यांत कसे वाद होतात, हे आपल्याला सांगायला नको. तेथेही १७२४ आणि १७४४ साली दोन पंथांचे ईस्टर एकेका आठवड्याच्या अंतराने आले.

अशा पंचांगाला गणिती हवा. ब्रांडेनबर्गच्या राज्यकर्त्याने १७०० साली बर्लिनला विज्ञानाची अकादमी स्थापन केली. तत्त्वज्ञ लायब्निट्झ हा तिचा पहिला अध्यक्ष. पण राजाने तिजोरी उघडली नाही. राज्यात पंचांगे छापून विकण्याचा मक्ता अकादमीला दिला, बाहेरच्या पंचांगांना बंदी केली, आणि त्या विक्रीतून आपला खर्च भागवा असे सांगितले. म्हणजे ही विद्वानांची सभा जगत होती ती पंचांगाच्या उत्पन्नावर! त्या पंचांगासाठी गोटफ्रीड किर्ख यांची ५०० थालर वार्षिक वेतनावर नेमणूक झाली, आणि किर्ख कुटुंब बर्लिनला आले.

नेमणूक एकाची झाली. काम सगळ्या घराने केले. पंचांगाचे काम म्हणजे काय याची थोडी कल्पना द्यावी लागेल. वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहांची स्थाने, ग्रहणांच्या वेळा, सणांच्या तारखा, हे सर्व हाताने काढायचे. कोष्टकातला आकडा घ्यायचा, बेरीज-वजाबाकी करायची, दुरुस्ती लावायची, पुन्हा पडताळायचे. एका चुकीने पुढची पानेच्या पाने बिघडतात. शिवाय कोष्टकांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. आकाशात ग्रह खरोखर कोठे आहे ते पाहून कोष्टक किती खरे ते तपासावे लागते. म्हणून वेध घ्यायचे. नवराबायको आळीपाळीने जागत. कधी दोघांनी मिळून आकाश वाटून घ्यायचे, एकाने उत्तरेकडे पाहायचे आणि दुसऱ्याने दक्षिणेकडे. घरची मुलेही कामाला लागली. मुलगी क्रिस्टिने लहान असतानाच लंबकावर वेळ मोजून देण्याचे काम तिच्याकडे असे. दिवसाच्या हवामानाची नोंदही हे कुटुंब नित्यनेमाने ठेवी.

२१ एप्रिल १७०२ ची पहाट. दोनचा सुमार. आकाश स्वच्छ होते. त्याआधी काही रात्री गोटफ्रीड एक रूपविकारी तारा, म्हणजे ज्याचे तेज कमीजास्त होते असा तारा, पाहत होते. त्या रात्री ते झोपले होते. तो तारा आपणही पाहावा म्हणून मारियाबाई दुर्बिणीपाशी गेल्या. शोधता शोधता त्यांना आकाशात एक अनोळखी वस्तू दिसली. तारा टाचणीच्या टोकासारखा दिसतो. ही वस्तू धूसर होती. त्यांनी पतीला उठविले. त्यांनी पाहिले आणि तो धूमकेतूच असल्याचे ठरविले. आदल्या रात्री आपल्याला तो कसा दिसला नाही याचे गोटफ्रीडना नवल वाटले, असे त्यांनी स्वत:च लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास रोममध्येही दोघा ज्योतिर्विदांनी हा धूमकेतू पाहिला. पण बर्लिनच्या आकाशात तो शोधला मारियाबाईंनी, यात शंका नाही.

मात्र शोधाची बातमी राजाकडे गेली ती गोटफ्रीड किर्ख यांच्या नावाने. खरा प्रकार त्यांनी छापून सांगितला तो १७१० साली, अकादमीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात. मध्ये आठ वर्षे गेली. गोटफ्रीड लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. लबाड माणूस आठ वर्षांनीही कबूल करीत नाही. घरचा धंदा घरच्या कर्त्याच्या नावाने चालायचा, हा तेव्हाचा सर्वमान्य रिवाज होता. त्यांना त्यात अन्याय दिसला नसावा. परंतु अन्याय करणाऱ्याला तो दिसत नाही, एवढ्याने तो नाहीसा होत नाही. घरच्या धंद्याने बाईला काम दिले, नाव दिले नाही, ही त्या रिवाजाची दुसरी बाजू होय.

तरीही त्यांचे नाव होऊ लागले होते. १७०७ साली त्यांनी उत्तरेकडच्या ध्रुवप्रकाशाचे वर्णन केले. १७०९ च्या सूर्य, शनि आणि शुक्र यांच्या युतीवर पुस्तिका लिहिली. पुढे १७१२ साली घडणाऱ्या गुरू-शनीच्या योगावर आणखी एक लिहिली. विद्वानांचे नियतकालिक लॅटिनमध्ये निघे. मारियाबाई लिहीत त्या लोकांच्या जर्मन भाषेत. १७०९ साली लायब्निट्झने त्यांना राजदरबारात नेले. तेथे त्यांनी सूर्यावरच्या डागांची माहिती दिली आणि दरबारी मंडळी ऐकत राहिली.

२५ जुलै १७१० रोजी गोटफ्रीड किर्ख वारले. घरात मुले, उत्पन्न बंद. पुढच्याच महिन्यात मारियाबाईंनी अकादमीकडे अर्ज केला. ज्योतिर्विदाचे मोठे पद त्यांनी मागितले नाही. पंचांगाच्या कामात साहाय्यक म्हणून आपल्याला ठेवावे, एवढीच मागणी. पतीच्या आजारपणात पंचांगाचे काम आपणच केले आहे आणि ते त्यांच्या नावाने गेले आहे, हे त्यांनी अर्जात सांगितले. श्रेणीच्या रिवाजाने पाहिले तर ही मागणी साधीसुधी होती. छापखानेवाल्याची विधवा छापखाना चालवीत होतीच की!

अकादमीच्या सचिवाने, याब्लोन्स्कीने, अध्यक्ष लायब्निट्झला पत्र लिहून आपले मत कळविले. त्याचा आशय असा: या बाईला काम दिले तर पायंडा पडेल, पती जिवंत असतानासुद्धा अकादमीचे पंचांग बायको करते म्हणून लोक हसत होते, आता तिची रीतसर नेमणूक केली तर त्यांना आणखीच तोंड फुटेल.

पायंडा! हा शब्द ऐकला की आम्हां संघटनेच्या माणसांना जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटते. एखाद्या कामगाराची मागणी रास्त आहे, तिच्यात खोट काढता येत नाही, असे झाले म्हणजे टेबलापलीकडून हा शब्द येतो. याब्लोन्स्कीच्या पत्राकडे त्या दृष्टीने पाहा. पंचांगात चुका आहेत, ग्रहणाची वेळ चुकली, बाईला गणित येत नाही, यांपैकी कोणत्याही कारणावर हा नकार उभा नाही. लोक हसतील आणि पायंडा पडेल, ही त्याची दोन कारणे. आणि ज्या कामाबद्दल लोक हसतील अशी भीती, त्याच कामाच्या पैशावर अकादमी चालली होती.

लायब्निट्झने मारियाबाईंची बाजू घेतली. सभेत त्यांच्यासाठी शब्द टाकला. त्यामुळे काही काळ राहायला जागा आणि थोडी रोख रक्कम मिळाली. नेमणूक मिळाली नाही. १७११ मध्ये लायब्निट्झ बर्लिनहून गेला आणि तो आधारही तुटला. मारियाबाईंनी राजापर्यंत अर्ज केले. सुमारे दीड वर्ष खटपट चालली. शेवटी कायमचा नकार आला. पंचांगाचे काम योहान हॉफमान या गृहस्थांकडे गेले.

त्या खचल्या नाहीत. १७१२ साली बॅरन फॉन क्रोझिक या खगोलप्रेमी सरदाराच्या खाजगी वेधशाळेत त्या काम करू लागल्या. येथे त्यांच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी होते. येथे त्या स्वत: उस्ताद होत्या. दुसऱ्या शहरांसाठी त्या पंचांगे करून देत. १७१४ साली क्रोझिक वारला. मग डांझिग. तेथे हेवेलिअसच्या कुटुंबाने त्यांना त्याची वेधशाळा वापरू दिली. रशियाच्या झार पीटरकडूनही बोलावणे आले होते. पण १७१६ साली हॉफमान वारला आणि अकादमीने मारियाबाईंच्या मुलाला, क्रिस्टफ्रीडला, ज्योतिर्विद नेमले. वय सुमारे बावीस. शिकला होता तो आईबापांच्याच हाताखाली. मुलाला नेमणूक, आणि आई व बहिणी त्याच्या मदतनीस म्हणून पुन्हा बर्लिनच्या वेधशाळेत!

पुढचा प्रकार ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. वेधशाळेत पाहुणे येत. मारियाबाई त्यांच्याशी बोलत, यंत्रे दाखवीत. १७१७ साली अकादमीच्या मंडळाने ठपका ठेवला की बाई लोकांसमोर फार येतात. त्यांनी मागे राहावे. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा वेधशाळेच्या आवारातले घर सोडण्याचा हुकूम झाला. त्याबरोबर मंडळाने एक आशाही व्यक्त केली. बाईंनी जवळपासच घर पाहावे, म्हणजे चिरंजीवांना आईच्या हातचे जेवायला जाता येईल! ज्या हातांनी त्यांचे पंचांग केले, त्या हातांचा आता एवढाच उपयोग मंडळाला दिसत होता. २९ डिसेंबर १७२० रोजी मारियाबाई बर्लिनमध्येच तापाने वारल्या.

हकीकत येथे संपत नाही. क्रिस्टिने आणि मार्गारेटा या त्यांच्या मुली भावाबरोबर वेध घेत आणि गणित करीत राहिल्या. मात्र आईचे झालेले पाहून त्या पाहुण्यांसमोर येत नसत. १७४० नंतर सायलेशिया प्रांत प्रशियाने जिंकला आणि तेथील पंचांगाचा मक्ता अकादमीला मिळाला. ते पंचांग क्रिस्टिने करी, आणि त्याबद्दल तिला ४०० थालर मिळत. तिच्या बापाला ५०० मिळत होते, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे अकादमीला तिच्या कामाची किंमत कळली होती. पण नाव पुढे येऊ द्यायचे नाही, हा बेत कायम होता. उतारवयात तिने योहान बोडे या तरुणाला पंचांगाचे गणित शिकविले. पुढे बर्लिनचे खगोलीय वार्षिक काढून तो युरोपभर नावाजला. १७८२ साली क्रिस्टिने वारली.

आता हिशोब पाहू. किर्ख घराण्यातल्या स्त्रियांच्या हातचे पंचांग जवळजवळ ऐंशी वर्षे बर्लिनच्या घराघरांत गेले. त्या वेळच्या गिऱ्हाइकाने सूर्योदयाची वेळ पाहिली, सण साजरा केला, बाजाराचा दिवस गाठला. आकडे बरोबर होते, म्हणून ते कोणी काढले हे विचारण्याची त्याला गरज भासली नाही. चांगल्या कामाचे बहुधा असेच होते. चूक झाली म्हणजे काम करणाऱ्याचे नाव शोधले जाते. बिनचूक काम मात्र धन्याच्या नावावर जमा होते.

यात आणखी एक शिकण्यासारखे आहे. काळ पुढे गेला म्हणजे सर्वांची स्थिती आपोआप सुधारते, असे आपण समजतो. येथे तसे झाले नाही. जुन्या श्रेणींच्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, पण विधवेला धंदा चालविण्याचा हक्क तीत होता. नवी अकादमी स्थापन झाली, सनद आली, सभासदांची यादी आली, आणि त्या नव्या, सुधारलेल्या संस्थेत तो जुना हक्क कोठेच लिहिलेला नव्हता. काम घरातून उचलून संस्थेत नेले. काम करणारी बाई घरातच राहिली. घरगुती धंदा मोडून कारखाना उभा राहतो तेव्हा जुने हक्क कागदावर उतरवून घ्यावे लागतात, नाहीतर ते वाटेत गळून पडतात. आम्ही हे चाळीत आणि फाटकावर शिकलो. बर्लिनच्या वेधशाळेतही तेच घडलेले पाहून आम्हांस नवल वाटले.

बर्लिनच्या त्या अकादमीने पुढे १९४९ साली लिझे माइटनर या पदार्थविज्ञानातील विदुषीला बाहेरगावची सभासद करून घेतले. तेथील पहिली पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली विदुषी म्हणजे प्राचीन इतिहासाच्या अभ्यासक लीझेलोटे वेल्स्कोफ-हेन्रिख, साल १९६४. मारियाबाईंचा अर्ज १७१० चा. ज्या पायंड्याची याब्लोन्स्कीला भीती वाटली, तो पडायला २५४ वर्षे लागली. आणि तो पडल्याने अकादमीचे काही बिघडले नाही.

श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. आपल्या घरात, दुकानात, कचेरीत, संस्थेत जे काम बिनबोभाट होत असते, त्यामागे कोणाचे हात आहेत ते एकदा पाहावे, आणि जेथे नाव लिहिण्याची जागा असेल तेथे ते नाव लिहावे. संस्थेचा वार्षिक अहवाल लिहिताना सुरुवात करता येईल. त्याला दुर्बीण लागत नाही.